तेरावा कोयता

“या लेखात सतरा ठिकाणी ‘द’ हवा होता आणि नाही,” मिहिर सबनीस पडद्याकडे बघत मोठ्याने वाचत होता. “तेव्हा लेखिकेला नम्र सूचना : बाजारातून किलोभर ‘द’ विकत आणावेत आणि शेंगदाण्याच्या कुटासारखे सगळीकडे भुरभुरावेत.”

सगळी लॅब हसली. पंखे बंद होते, त्यामुळे ते हसू जास्तच मोठं वाटलं. मी तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या संगणकापुढे बसले होते. पडद्यावर माझा इंग्रजी लेख होता, वर माझं नाव होतं, कालिंदा सानप, आणि खाली मिहिरची ती प्रतिक्रिया.

हेरवाडे मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मला वाटलं, आता याला झापतील.

“मिहिर, प्रतिक्रिया देताना चेष्टा करायची नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पण कालिंदा, मी मोजले. सतराच आहेत.”

हे २०११ सालचं. सांगलीच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होते. सगळे संदर्भ इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, आणि आमच्यातले निम्मे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले. म्हणून वत्सला हेरवाडे मॅडमनी आमच्यासाठी आठवड्यातून दोन तास शोधनिबंधाच्या इंग्रजीचा वर्ग सुरू केला होता. त्यांनी वर्गाचा एक ब्लॉग काढला. सोमवारी प्रत्येकाने आपलं लिखाण त्यावर टाकायचं, गुरुवारपर्यंत दोघांनी ते वाचून खाली प्रतिक्रिया द्यायची, आणि शुक्रवारी ज्याने जी प्रतिक्रिया दिली ती त्याने सगळ्यांपुढे वाचायची. “मी एकटी तुमच्या वह्या तांबड्या करून काही होत नाही,” मॅडम म्हणायच्या. “एकमेकांचं वाचाल तेव्हा शिकाल.”

त्या शुक्रवारी मी काय शिकले ते मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी ब्लॉग त्याच दिवशी बंद केला असता.

मिहिर डॉक्टरांचा मुलगा. घर विश्रामबागला, शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची. दिसायला साधा, चष्मा, बाह्या दुमडलेला शर्ट. दुष्ट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. त्याने एक विनोद केला आणि दुपारच्या डब्याबरोबर तो विसरून गेला. विसरले नाहीत ते बाकीचे. मेसमध्ये मीठ मागितलं तरी कुणीतरी म्हणायचं, “किलोभर देऊ का, कालिंदा?” लायब्ररीच्या पायऱ्यांवर, बसस्टॉपवर, तेच. दिवाळीपर्यंत माझं नाव ‘किलोभर’ पडलं होतं.

मी त्या वर्षी सूड घ्यायचं ठरवलं आणि सुडासाठी अभ्यासाला लागले. हॉस्टेलच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला मी वाक्यं लिहायचे. ‘द’ कुठे येतो, कुठे येत नाही. नदीला लागतो, तळ्याला लागत नाही. इंग्रजी अग्रलेखातले सगळे ‘द’ पेनाने काळे करायचे आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या डोक्याने परत भरायचे. ऑक्टोबरात मी पन्नासातले तीस बरोबर भरत होते, नोव्हेंबरच्या शेवटी सत्तेचाळीस. ब्लॉगवर मी सगळ्यांच्या लेखांवर प्रतिक्रिया देऊ लागले. दोघांच्या द्यायच्या असताना मी आठ-आठ जणांच्या द्यायचे. चेष्टा नाही, स्तुती नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदात तू जे सिद्ध केलंस म्हणतोस ते दुसऱ्यात गृहीत धरलं आहेस.’ असलं. पोरं रडकुंडीला यायची, आणि शुक्रवारी येऊन हळूच म्हणायची, “माझंही वाच ना.”

डिसेंबरात मिहिर स्वतः आला.

“कालिंदा, एक काम होतं.” तो कँटीनच्या दारात उभा होता. “जानेवारीत आपल्याकडे चर्चासत्र आहे ना, त्यासाठी पेपर लिहिलाय. विद्यार्थ्यांतला सर्वांत चांगला पेपर चर्चासत्राच्या पुस्तकात छापणार आहेत. मी ब्लॉगवर टाकलाय. तू वाचशील?”

“तुझ्या इंग्रजीत मी काय काढणार?”

“इंग्रजीचं नाही गं. बाकीचे नुसतं ‘मस्त’ लिहितात. तू खरं वाचतेस.”

त्याच्या चेहऱ्यावर सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारची खूणही नव्हती. मला राग आला तो याचाच. माझी झोप उडवणारी गोष्ट याला आठवतही नव्हती.

“वाचते,” मी म्हणाले.

पेपर ऊसतोड टोळ्यांवर होता. शीर्षक वाचूनच मी आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं, कारण एक गोष्ट मी त्या कॉलेजात कुणालाच सांगितलेली नव्हती. ‘घरी काय असतं?’ विचारलं की मी ‘शेती’ म्हणायचे. शेती होती, पाटोदा तालुक्यात दोन एकर, बरड. पण दिवाळी झाली की माझे आईबाप गाव सोडून ऊस तोडायला यायचे ते उन्हाळा लागेपर्यंत. त्या वर्षी तर त्यांची टोळी आष्ट्याजवळ, माझ्या हॉस्टेलपासून तासाभराच्या अंतरावर होती. मी महिन्यातून एकदा जायचे, मैत्रिणींना मावशीकडे जाते म्हणून सांगून.

मिहिरने एका टोळीचा अभ्यास केला होता. म्हणजे काय, तर मुकादमाला कारखान्याच्या आवारात गाठून त्याच्याकडून यादी घेतली होती. टोळीत वीस कोयते. वीस कोयत्यांची वीस नावं, सगळी पुरुषांची. दिवसाला चाळीस टन तोड. त्यावरून मिहिरने मोठ्या सफाईने मांडलं होतं, की टोळीत वीस मजूर असतात, एक मजूर दिवसाला दोन टन ऊस तोडतो, आणि या कामात स्त्रिया नसतात. त्या नवऱ्यांबरोबर येतात आणि तळावर राहून स्वयंपाक व मुलं सांभाळतात. ‘कोयता’ या शब्दाचं त्याने इंग्रजी केलं होतं ते लोखंडाच्या कोयत्याचं. एक कोयता, एक हात, एक माणूस.

आमच्याकडे कोयता म्हणजे जोडपं. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याला शक्यतो घेत नाही. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं, त्यात वीस बाया.

पेपराच्या शेवटी ती यादी जोडली होती. मी खाली गेले. तेराव्या नंबरला नाव होतं : दगडू किसन सानप.

माझा बाप.

आणि आई कुठेच नव्हती.

माझ्या हातांनी आधी जे केलं ते सरळ होतं, हे मी मुद्दाम सांगते. मी लगेच प्रतिक्रिया लिहिली. नीट इंग्रजीत, सात ओळींची. कोयता म्हणजे दोन माणसं, तुझे सगळे आकडे यामुळे चुकतात, यादीतल्या प्रत्येक नावामागे एक बाई आहे, उसाच्या फडावर जाऊन बघ. बटण दाबलं. प्रतिक्रिया उमटली. मग सवयीने मी ती परत वाचली, आणि चौथ्या ओळीत एक ‘द’ राहिला होता.

एकच. पण मला ते हसू पुन्हा ऐकू आलं. शुक्रवारी ही प्रतिक्रिया मला सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायची होती. मी ती पुसली, दुरुस्त करून परत टाकावी म्हणून. तिच्या जागी करड्या अक्षरांत एक ओळ उरली, की लेखकाने ही प्रतिक्रिया काढून टाकली आहे.

मग रिकामी चौकट समोर होती आणि माझी बोटं थांबली.

हा माणूस हेच घेऊन चर्चासत्रात उभा राहणार होता. बाहेरचे प्राध्यापक, प्राचार्य, दोन्ही वर्षांची पोरं, यांच्यापुढे. मी इथे सांगितलं तर तो निमूट दुरुस्ती करेल, कदाचित ‘थँक्स’ म्हणेल, आणि बक्षीस घेऊन जाईल. आणि तिथे सांगितलं तर?

मी लिहिलं, ‘भाषा निर्दोष. मांडणी स्वच्छ. एक अक्षरही बदलू नकोस.’ यात सगळे ‘द’ जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी मिहिर लायब्ररीत आला. “तू आधी काहीतरी लिहून काढलंस. काय होतं?”

“स्पेलिंग चुकलं होतं.”

“नक्की? काही असेल तर सांग हं. मला चालेल.”

“काही नाही,” मी म्हणाले. “उत्तम आहे पेपर.”

तो खूश होऊन गेला. मीही खूश होते. इतकी खूश मी दहावीच्या निकालालाही नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी एक प्रश्न घडवत होते. प्रश्नोत्तरांत उभं राहून तो विचारायचा. तो कधी लांब व्हायचा, कधी आखूड. अंघोळीच्या रांगेत, गच्चीवर कपडे वाळत घालताना, मी तो पुटपुटायचे. शेवटी तीन वाक्यं ठरली. माझ्या भागात एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी दोन माणसं. तेव्हा तुमच्या यादीतली वीस माणसं खरी चाळीस आहेत, आणि तुम्ही ज्या बायांना तळावर स्वयंपाकाला बसवलंत त्या रोज फडावर ट्रक भरत आहेत. त्या वीसपैकी एक माझी आई आहे. या तिसऱ्या वाक्यासाठी मला माझी दोन वर्षं जपलेली लाज द्यावी लागणार होती. सुडासाठी मी तीही द्यायला तयार होते.

चर्चासत्र शुक्रवारी होतं. अध्यक्ष हैदराबादचे कुणी प्राध्यापक होते, वयस्कर, सौम्य, मराठी न येणारे. मिहिर उभा राहिला, निळा कोट घालून. बारा मिनिटं बोलला. पडद्यावर वीस नावं झळकली आणि त्यांत तेरावं.

“प्रश्न?” अध्यक्ष म्हणाले.

मी उभी राहिले. माझी तिन्ही वाक्यं मी इंग्रजीत म्हणाले, न अडखळता, न चुकता. तिसरं वाक्य बोलताना आवाज थोडा चढला, तेवढंच.

मला वाटलं होतं की सभागृहात काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. मिहिरचा चेहरा एका क्षणात पांढरा झाला, तो मी पाहिला, आणि तेवढा एक क्षण मला माझा वाटा मिळाला. मग तो चेहरा परत जागेवर आला आणि तो सफाईने म्हणाला, “प्रश्नाबद्दल आभार. अतिशय उपयुक्त स्थानिक निरीक्षण आहे. पुढील संशोधनात याचा निश्चित विचार करता येईल.”

“छान, छान,” अध्यक्ष म्हणाले. “शब्दांचे असे स्थानिक छटाभेद असतातच. आता आपण चहा घेऊ.”

खुर्च्या सरकल्या. माणसं उठली. माझी तीन वाक्यं, माझी लाज, माझी आई, सगळं कपबश्यांच्या आवाजात विरून गेलं. चार वाजता निकाल लागला आणि छापण्यासाठी मिहिरचाच पेपर निवडला गेला.

जिन्याखाली त्याने मला गाठलं.

“तू पुसलेलं ते हेच होतं?”

“हो.”

“तीन आठवडे तुला माहीत होतं.”

“हो.”

“मी विचारलं होतं तुला. लायब्ररीत. तोंडावर.”

“आणि मी सगळ्यांसमोर ‘किलोभर’ झाले ते?”

त्याला कळायला वेळ लागला. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते, तो आठवत होता. आठवलं तेव्हा तो क्षणभर ओशाळला, आणि लगेच ओशाळलेपणाचा राग झाला.

“त्यासाठी?” तो म्हणाला. “ठीक आहे. सोमवारी मला अंतिम प्रत द्यायचीय. तूच लिहिलंयस ना, एक अक्षरही बदलू नकोस? नाही बदलत.”

संध्याकाळी हेरवाडे मॅडमनी बोलावलं. टेबलावर एक छापलेला कागद होता. माझी पुसलेली प्रतिक्रिया, सातही ओळी.

“ब्लॉगवर कोणी काही लिहिलं की त्याची प्रत माझ्या मेलवर येते,” त्या म्हणाल्या. “तिकडून पुसलं तरी इकडे राहतं. मी महिनाभर मिरजेला आईच्या ऑपरेशनात अडकले होते, वर्ग घेऊन पळायचे, मेल उघडलीच नव्हती. आज तुझा प्रश्न ऐकला आणि शोधली.”

मी कागद उलटा करून ठेवला.

“सूड घ्यायचा होता तर त्याच्यावर घ्यायचास. या वीस बायका मध्ये का आणल्यास?”

“मी नाही आणल्या. त्याने घालवल्या.”

“त्याने अज्ञानाने घालवल्या,” मॅडम म्हणाल्या. “मी त्याच्याशी बोलले आत्ता. म्हणतो, एका मुलीच्या शब्दावर मी आकडे कसे बदलू? पुरावा काय? हट्टाला पेटलाय. कालिंदा, तुझ्याकडे दोन दिवस आहेत. त्याला फडावर घेऊन जा. आईला भेटव. यापेक्षा मोठा पुरावा नाही.”

“बघते,” मी म्हणाले.

मी गेले नाही. शनिवारी गेले नाही आणि रविवारीही गेले नाही. संकोच वाटला म्हणून नव्हे. लाज तर मी सभागृहात टाकून आले होते. मी गेले नाही, कारण मला ते चुकीचंच छापून यायला हवं होतं. सभेत बोललेलं चहाबरोबर विरून जातं, छापलेलं राहतं. छापून आलं की मी संपादकांना पत्र लिहिणार होते, दोन पानांचं, पुराव्यासकट, आणि ते पुढच्या अंकात, पुढच्या पुस्तकात, त्याच्या नावाला कायमचं चिकटणार होतं. तो पुढे कुठेही प्राध्यापक झाला असता तरी कुणीतरी म्हणालं असतं, हाच तो, ज्याला कोयता कळला नाही. त्या दोन दिवसांत मी पत्राचा कच्चा खर्डा पुरा केला. आईचं नाव त्यात नव्हतं. मला आईची गरज पुराव्यापुरतीच होती.

मिहिर आणि मी नंतर बोललो नाही. तो वर्गात पहिल्या रांगेत बसायचा, मी शेवटच्या. ब्लॉगवर मी त्याचं वाचणं सोडलं आणि त्याने माझं. मॅडमनी मला पुन्हा काही विचारलं नाही. फक्त ज्या दिवशी मी सगळ्यांत जास्त प्रतिक्रिया दिल्या त्या दिवशीही त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

आज मी स्वतः एका कॉलेजात हेच शिकवते. पोरं एकमेकांचं वाचतात, खाली लिहितात, लिहून पुसतात. कुणी काय पुसलं ते मीही माझ्या मेलवर बघते. पण हे शहाणपण फार नंतरचं. त्या फेब्रुवारीत मी फक्त वाट बघत होते.

महिनाअखेरीला पुस्तकं आली. गठ्ठे लायब्ररीच्या टेबलावर फोडले होते. माझ्या पिशवीत पत्राची पक्की प्रत होती, पाकिटावर पत्ता घातलेली; फक्त पानांचे क्रमांक भरायचे राहिले होते. मी एक पुस्तक उचललं तर समोर मिहिर उभा.

“पान एकशे बारा,” तो म्हणाला. “तेरा-ब वाच.”

आणि निघून गेला.

मी पान काढलं. पेपराचं शीर्षक बदललेलं होतं. यादीही बदललेली होती. वीस आकडे तेच, पण प्रत्येकापुढे दोन जागा होत्या. एक-अ, एक-ब. दोन-अ, दोन-ब. अ पुरुष, ब स्त्री. चाळीस माणसं. पहिल्याच परिच्छेदात त्याने स्पष्ट लिहिलं होतं, की या निबंधाचा पूर्वीचा मसुदा एका शब्दाच्या चुकीच्या अर्थावर उभा होता आणि ती चूक सर्वस्वी लेखकाची होती. माझं नाव नव्हतं. दोषासाठी नाही आणि श्रेयासाठीही नाही. मी त्या गोष्टीत नव्हतेच.

तो फडावर गेला होता; तळटीपेत तारखा होत्या. शनिवारी आणि रविवारी, मोटारसायकलवरून, एकटा. मी हॉस्टेलमध्ये त्याला गाडायचं पत्र लिहीत होते तेव्हा तो आष्ट्याच्या उसात बसून वीस बायांना विचारत होता.

तेरा-ब. वय एकेचाळीस. शिक्षण नाही. नाव तिच्याच इच्छेवरून गाळलं होतं. मी वाचत गेले. इंग्रजी निर्दोष होतं. माझे डोळे आपोआप चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती. तेरा-ब पहाटे चारला उठते. तेरा-बने एकोणीस हंगाम केले आहेत. तेरा-बचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. मला तो खांदा माहीत होता. जन्मापासून तसाच आहे असं मी धरून चालले होते.

मग पुढचा परिच्छेद. सात वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तेरा-बला पाचवा महिना चालू असताना ती मोळी घेऊन फळीवर चढताना घसरली. बाळ फडातच गेलं. तिसऱ्या दिवशी ती परत कामाला उभी राहिली, कारण ती बसली असती तर नवऱ्याचा अर्धा कोयता झाला असता आणि टोळीने त्यांना ठेवलं नसतं. ही गोष्ट तिने गावाकडे कळू दिली नाही. थोरल्या मुलीची दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मुलगी पुढे तालुक्यात पहिली आली. मुलीला हे आजही माहीत नाही, असं तेरा-ब म्हणाली.

मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. तोच परिच्छेद परत वाचला. लायब्ररीत कुणीतरी खुर्ची ओढली आणि मी दचकले.

मिहिर सबनीसला मी आजवर क्षमा केलेली नाही. त्याने चेष्टा केली म्हणून नाही, ती केव्हाच जुनी झाली. त्याने बरोबर लिहिलं म्हणून. माझ्या आईचं दुःख मला त्याच्या इंग्रजीत वाचावं लागलं म्हणून. मी आयुष्यात एकच सूड आखला आणि त्याने त्याहून मोठा, एक शब्द वाकडा न बोलता, माझ्यावर उलटवला. आणि तो सूड होता की नुसतं प्रामाणिक काम होतं, हेही मला त्याला कधी विचारता आलं नाही.

पत्र मी टाकलं नाही. कशाबद्दल टाकणार?

दुसऱ्या दिवशी मी आष्ट्याला गेले. कुणाला मावशीचं सांगितलं नाही. फड जवळजवळ संपत आला होता. ट्रक उभा होता, फळी लावलेली होती आणि बाया रांगेने मोळ्या नेत होत्या. आई पाचटात वाकून मोळी आवळत होती. मला बघून ती सरळ झाली.

“आगं, मधीच कशी आलीस? परीक्षा हाय ना?”

“आई, माझ्या दहावीच्या साली...” मी म्हणाले आणि पुढचं येईना.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. सगळं समजली. पदराने कपाळ पुसलं.

“त्या पोरानं लिवलं व्हय? नाव घालू नको म्हणलं व्हतं मी.”

“नाव नाही घातलं.”

“मग बरं.”

“मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?”

“तुझी परीक्षा व्हती.”

“नंतर?”

“नंतर मग कशाला.” ती पुन्हा वाकली. उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्याचा पीळ घालून तिने मोळीला गाठ मारली.

“मग त्याला कसं सांगितलंस? परक्या पोराला? एका दिवसात?”

आई थांबली. ती चिडली नव्हती. तिला खरंच वाटलं असावं की मी एवढं सोपं कसं विचारतेय.

“त्यानं इचारलं,” ती म्हणाली. “भाकर खाल्ली, पाणी प्याला, खाली बसला आन् म्हणला, मावशी, ह्या खांद्याला काय झालं? म्हून सांगितलं. तू कवा इचारलंस?”

मग तिने चुंबळ डोक्यावर बसवली, गुडघ्यावर मोळी घेतली, तिथून डोक्यावर घेतली आणि एका हाताने मला बाजूला केलं.

“सरक,” ती म्हणाली. “गाडी भरायची हाय.”